पेट्रोलची प्रत आणि शेजारधर्म

पेट्रोलपंपावर वाहन उभे राहिले की बहुधा दोन प्रती समोर येतात: एक साधे पेट्रोल आणि दुसरे, लिटरमागे काही रुपयांनी महाग, भारदस्त नाव धारण करणारे. भाव उतरले असतील तर मनुष्य दुसऱ्याकडे झुकतो, चढले असतील तर पहिल्याकडे वळतो. आणि ही निवड केवळ खिशाची आहे, तीत नीतीचा संबंध तो काय, असे समजून पुढे निघून जातो. नीतिशास्त्रात सत्य, अहिंसा, अस्तेय अशा थोर विषयांची चर्चा होते. तेथे इंधनाच्या प्रतीला स्थान नाही, हेही खरे. परंतु हरिश्चंद्राची कसोटी सामान्य माणसाच्या वाट्याला क्वचितच येते. टाकी भरण्याची वेळ मात्र आठवड्याला येते. तेव्हा या लहानशा निवडीचा विचार करणे अगदीच अनाठायी ठरू नये.

प्रथम प्रत म्हणजे काय ते पाहू. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते व मग ठिणगीने पेटते. दाब आणि उष्णता यांमुळे मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटला, तर इंजिन ठोके देऊ लागते. यालाच नॉकिंग म्हणतात. हे अवेळी पेटणे रोखण्याची इंधनाची क्षमता ज्या अंकाने मोजतात तो ऑक्टेन अंक. आयसोऑक्टेन या द्रव्याला १०० आणि हेप्टेनला ० मानून ही मोजपट्टी १९२० च्या दशकात तयार झाली. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की हा अंक इंधनातील शक्ती मोजत नाही, त्याचा संयम मोजतो. इथेनॉलचेच पाहा: त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलहून पुष्कळ अधिक, पण लिटरमागे मिळणारी ऊर्जा सुमारे एक-तृतीयांशाने कमी. ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते त्याला उच्च अंकाचे इंधन लागतेच. तेथे काटकसर केली तर ती इंजिनाच्या मुळावर येते. पण रोज कचेरीत नेणाऱ्या साध्या दुचाकीला तिच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंकाहून वरचे इंधन पाजून तिचा वेग वा आयुष्य वाढत नाही. काही महाग प्रतींत इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात. त्यांचा उपयोग ज्याला हवा त्याने अवश्य घ्यावा, पण अंक आणि बळ यांची गल्लत करू नये.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो तो असा, की येथे ‘उत्तम’ असे काही नसून ‘उचित’ एवढेच आहे. महाग ते श्रेष्ठ मानणारा आणि स्वस्त ते शहाणपणाचे मानणारा, हे दोघेही एकच चूक करतात. दोघेही वस्तूकडे न पाहता फलकावरील आकड्याकडे पाहतात. आणि तो आकडा तरी काय सांगतो? गोवा सरकारने एप्रिल २०१२ मध्ये पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा तेथील दर लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरला. पेट्रोल होते तेच राहिले. बदलला तो केवळ कर. किंमत कधी कर सांगते, कधी जाहिरात सांगते, कधी दूरदेशीचे युद्ध सांगते. वस्तूचा गुण ती क्वचितच सांगते.

एवढ्यावरच प्रश्न संपता, तर तो मनुष्य आणि त्याचे पाकीट यांच्यातील खासगी व्यवहार राहिला असता. पण पेट्रोल जळून जो धूर होतो तो पाकिटात परत येत नाही. तो रस्त्यावर जातो. या दृष्टीने शिशाच्या पेट्रोलचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली या संशोधकाला असे आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी नॉकिंग थांबते. अल्कोहोलनेही ते थांबते हे त्याला ठाऊक होते; परंतु शिसे स्वस्त पडे आणि त्याचे पेटंट घेता येई. १९२३ मध्ये हे पेट्रोल विक्रीस आले. त्याचे नाव ठेवण्यात आले ‘एथिल’. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. पुढल्याच वर्षी न्यू जर्सीतील एका शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही विक्री काही काळ थांबून पुन्हा सुरू झाली. त्या काळी ही उंची प्रत होती. साध्या पेट्रोलहून तिला काही सेंट अधिक पडत आणि लोक ते आनंदाने देत. म्हणजे विष महाग होते आणि शुद्ध ते स्वस्त होते.

पन्नास वर्षांनी हे चित्र नेमके उलटले. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते हे सिद्ध होत गेले; शिवाय धूर शुद्ध करण्यासाठी मोटारींना जे उत्प्रेरक उपकरण बसवले जाऊ लागले ते शिशाने निकामी होई. म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत नव्या मोटारींना शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले आणि चुकीची नळी आत जाऊ नये म्हणून टाकीचे तोंडही अरुंद करण्यात आले. पण आता शिसेविरहित पेट्रोल काही सेंटनी महाग होते. तेव्हा अनेक सभ्य, कायदाप्रिय माणसांनी टाकीचे तोंड रुंद करून घेतले किंवा नरसाळे लावून स्वस्त, शिशाचे पेट्रोल भरले. ज्यांनी कधी कुणाच्या मुलावर हात उगारला नसता, त्यांनी चार सेंटसाठी शेजाऱ्याच्या मुलाच्या श्वासात शिसे मिसळले. आणि त्यांना ते कळलेही नाही.

आमच्या कायद्याच्या अभ्यासात १९३२ चा डॉनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला पहिल्या वर्षीच भेटतो. जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याचा तो दावा. बाटली तक्रारदार बाईने स्वतः विकत घेतलेली नव्हती. तिचा कारखानदाराशी करार नव्हता. मग तिच्याविषयी त्याचे कर्तव्य काय? लॉर्ड ॲटकिन यांनी उत्तर दिले ते थोडक्यात असे, की आपल्या कृतीने ज्यांना इजा पोहोचेल हे आपल्याला आधी दिसायला हवे ते सर्व आपले शेजारी होत. आपल्याकडे ज्याला शेजारधर्म म्हणतात त्याचा हा न्यायालयीन अवतार. पेट्रोलपंपावरील करारातही पक्ष दोनच असतात, विकणारा आणि घेणारा. तिसरा, रस्त्याकडेच्या बालवाडीतला, त्या पावतीवर कोठेच नसतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की माझ्या एका टाकीने काय होणार? परंतु ‘माझ्या एका’ असे म्हणणारे सर्व मिळूनच तर ते शिसे हवेत गेले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याच्या महिन्याच्या खर्चाची तोंडमिळवणी मुश्किलीने होते, त्याला लिटरमागील दोन रुपये हा मोठाच आकडा आहे. त्याने परोपकारासाठी महाग प्रत घ्यावी हे सांगण्याचा अधिकार भरल्या पोटी नीती शिकवणाऱ्याला नाही. हे मान्य केलेच पाहिजे. आणि येथेच व्यक्तीची नीती अपुरी पडून कायद्याचे काम सुरू होते. ब्रिटनने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिसेविरहित पेट्रोलवरील कर कमी करून चांगली प्रतच स्वस्त केली. आपल्या देशात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. २०२१ मध्ये अल्जीरियाने ते थांबवले, आणि जगातील रस्त्यांवरील मोटारींसाठी त्याची विक्री संपली. सज्जनपणा महाग ठेवायचा आणि मग लोक सज्जन नाहीत म्हणून हळहळायचे, ही राज्यकर्त्यांची रीत न्याय्य नव्हे.

तथापि कायदा नेहमी उशिरा येतो. शिसे विक्रीस आल्यापासून जगातून जाईपर्यंत ९८ वर्षे गेली. त्या मधल्या काळात जो काही विवेक होता तो नळी हातात धरणाऱ्याचाच होता. आज नळीतील द्रव्ये बदलली आहेत. २०२५ पर्यंत आपल्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. ते जुन्या वाहनांना कितपत मानवते आणि त्यासाठी लागणाऱ्या उसाला किती पाणी द्यावे लागते, हे प्रश्न विचारण्याजोगेच आहेत. पण ते विचारताना क्रम सुटू नये. माझ्या वाहनाला खरोखर काय लागते, हा पहिला प्रश्न. त्याचा धूर आणि त्याचा भार कोणावर पडतो, हा दुसरा. आणि ते मला केवढ्याला पडते, हा तिसरा. आपण बहुतेक जण तिसऱ्यापासून आरंभ करतो व तेथेच थांबतो. किंमत विचारण्यात काही गैर नाही. ती सर्वांत शेवटी विचारावी, इतकेच.