खेळातील खार आणि हिंसेचा विचार

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या २०१८ सालच्या व्हिडिओ गेमची कथा १८९९ च्या अमेरिकेत घडते. त्यात एका थैलीसाठी खारीचे निर्दोष कातडे आणावे लागते. खार क्षणात दिसेनाशी होते. बंदुकीच्या गोळीने कातडे बिघडते, म्हणून लहान प्राण्यांसाठी निराळा बाण योजिला आहे. येथे जीव मरत नाही, मग हिंसा कोठली, असा आक्षेप निघेल. प्राणहरण नाही, हे मान्यच. परंतु वृत्तीचे काय? नेम धरणाऱ्याची सारी हळुवारता कातड्यापुरती असते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जानूतळी शिरलेल्या सशाला राखिले, ते तो शरण आला म्हणून. खेळात ज्या प्राण्यापुढे तीन तारे उमटतात तोच टिपावयाचा. सदोष कातड्याच्या खारीला जीवदान मिळते, तेही करुणेने नव्हे, तिला मोल नाही म्हणून.