सिंकमध्ये काय गेलं?

अल्कोहोल, अ‍ॅसेटिक आम्ल, वरून संहत सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब. गरम करायचं आणि सोड्याच्या पाण्यात ओतायचं. फळासारखा वास आला की एस्टर तयार, जर्नलवर सही पक्की. लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या विद्यार्थ्यालाही हे प्रॅक्टिकल पाठ असतं आणि मुंबईच्याही.

यातलं सल्फ्युरिक आम्ल उत्प्रेरकाचं काम करतं. उत्प्रेरक खर्च होत नाही, असं आपण परीक्षेत लिहितो. पण सोड्याच्या पाण्यात पडताच त्याचा क्षार होतो आणि तो मोरीतून वाहून जातो. जे संपलं नव्हतं, ते आपणच संपवतो.

घन उत्प्रेरकाचं तसं होत नाही. आम्लधर्मी माती, झिओलाइट किंवा आम्लगट जोडलेले रेझिनचे मणी घेतले, की अभिक्रिया त्यांच्या पृष्ठभागावर घडते. मग गाळा, धुवा, वाळवा आणि पुन्हा वापरा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले ‘एन्सिलाइट’ झिओलाइट १९८०च्या दशकात बडोद्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात वापरात आले. म्हणजे ही गोष्ट केवळ शोधनिबंधापुरती नाही.

तरीही ‘पर्यावरणस्नेही’ हे बिरुद घाईने लावू नये. आधी चाचणी हवी: अभिक्रिया अर्धी झाली असताना गरम मिश्रणातून उत्प्रेरक गाळून काढतात. उरलेल्या द्रवात अभिक्रिया तशीच चालू राहिली, तर उत्प्रेरकातला सक्रिय घटक द्रवात विरघळतो आहे, हे उघड होतं. पाचव्या वापरालाही उत्पादन टिकतं का, हेही तपासावं लागतं. आणि घन उत्प्रेरक धुवायला दरवेळी भरपूर द्रावक ओतलं, तर वाचवलं काय? रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये हाच हिशेब मांडला: एक किलो माल तयार करताना कचरा किती किलो? औषधनिर्मितीत तो २५ ते १०० किलोंपर्यंत, कधी त्याहूनही जास्त निघतो.

एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेला हा हिशेब परका वाटू नये. विद्यार्थ्यांनो, आज प्रॅक्टिकलला जाल तेव्हा जर्नलमध्ये उत्पादनाच्या टक्केवारीशेजारी आणखी एक रकाना आखा: सिंकमध्ये काय गेलं आणि किती गेलं.