उसना निश्चय

एकट्यानें केलेला निश्चय आणि चार जणांच्या सोबतीनें पाळलेला निश्चय यांत नैतिक दृष्ट्या कांहीं अंतर आहे काय, हा प्रश्न वरवर पाहतां पंडिती वाटेल. परंतु ज्यानें पन्नाशींत आपलें सुटलेलें पोट आवरण्याचा उद्योग आरंभिला आहे, त्याला तो रोज पहांटे साडेपांच वाजतां प्रत्यक्ष भेटतो. गजर होतो, अंथरूण सोडूं नये असें सारें शरीर एकमतानें सांगत असतें, आणि तरीहि तो उठतो. तो कां उठतो? आरोग्याची चाड म्हणून म्हणावें, तर ती चाड आदल्या रात्रीं जेवतांनाहि होती, आणि तेव्हां तिनें चौथी पोळी कांहीं थांबविली नाहीं. तो उठतो याचें खरें कारण हें कीं, कोपऱ्यावरच्या दिव्याखालीं दोघे जण त्याची वाट पाहत उभे आहेत. मग या उठण्याचें श्रेय त्याचें, कीं त्या दोघांचें?

कडक नीतिवाद्याचें उत्तर ठरलेलें आहे. तो म्हणेल, दुसऱ्याच्या भिडेनें झालेलें सत्कृत्य हें सत्कृत्यच नव्हे. कर्तव्य केवळ कर्तव्य म्हणून केलें तरच त्याला नैतिक मोल, असें कांट सांगून गेला. आपल्याकडेहि गीतेच्या सहाव्या अध्यायांत मनुष्याला त्याचाच मित्र आणि त्याचाच वैरी ठरविलें आहे. आणि आहारविहाराच्या प्रमाणाचा विचार त्याच अध्यायांत यावा, हा योगायोग खासच नव्हे. या न्यायानें पाहिल्यास, सोबती वाट पाहतात म्हणून चालणाऱ्या मनुष्याचा निश्चय उसना आहे, आणि उसन्या पैशावर कोणी श्रीमंत म्हणवून घेऊं नये.

या आक्षेपाचा विचार करण्यापूर्वीं, ज्या मंडळींमुळें तो मला सुचला त्यांची ओळख करून देणें अवश्य आहे. भिवंडी हें शहर व्यायामाकरितां प्रसिद्ध नाहीं. यंत्रमागांचा अहोरात्र खडखडाट, नाशिक रस्त्यालगत पसरलेलीं गोदामें, आणि मालमोटारींच्या रांगा, हीच त्याची बाहेरची कीर्ति. तथापि वऱ्हाळा देवीच्या तलावाकडे पहांटे फिरावयास जाणारे लोक येथेंहि आहेत, आणि त्यांतल्या सात-आठ जणांचा एक मेळा सहज जमून गेला. एक निवृत्त टपालवाले, एक सुताचे व्यापारी, दोन शाळामास्तर, एक शिंपी, आणि मीहि त्यांतलाच. वर्गणी नाहीं, अध्यक्ष नाहीं. नियम दोनच: रोज तासभर चालावयाचें, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारीं व्यापाऱ्यांच्या गोदामांत, जेथें सुताच्या गोण्या तोलतात त्याच कांट्यावर, एकेकानें उभें राहावयाचें. आंकडा वहींत लिहिला जातो. पावसाळा सरला कीं शहापुराकडे माहुलीचा किल्ला चढावयास जातों. पोट कमी करण्याचा हा उद्योग हळूहळू छंद झाला, आणि छंद झाल्यामुळेंच टिकला.

महाराष्ट्राला ही रीति नवी नाहीं. तालमीची मातीच मुळीं एकट्यासाठीं नव्हती. पहिलवानाला जोड लागते. त्याला जो रोज चीत करतो तोच त्याला घडवीत असतो. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं त्या मंडळाच्या पथकानें आपले देशी खेळ जगाला दाखविले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ज्या सूर्यनमस्कारांचा प्रसार केला ते तर घालावयास ना साधन लागतें, ना सोबती; चार हात जमीन पुरते. त्यांचें या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं लंडनमध्यें निघालें. परंतु इतक्या एकाकी व्यायामाचा पुरस्कर्ताहि आपल्या संस्थानांतल्या शाळांतून मुलांना रांगेंत उभें करून नमस्कार घालावयास लावीत होता. विधि एकट्याचा असला तरी तो टिकतो समुदायांत, हें त्यानें ओळखलें होतें. फरक इतकाच कीं, तालमींतली पिढी वजन कमावण्यासाठीं जमत असे, आणि आम्ही तें गमावण्यासाठीं जमतों.

गमावणें हें कमावण्याहून कठीण, आणि तें कोठें कठीण आहे हें नीट पाहिलें पाहिजे. एक किलो चरबी म्हणजे सुमारें ७,७०० कॅलरी. तासभर झपझप चालण्यानें अडीचशे-तीनशे खर्च होतात, आणि परतीच्या वाटेवरचा एक वडापाव त्या जवळजवळ सगळ्या परत आणून देतो. म्हणजे खरी लढाई तलावाच्या काठीं नसून वडापावाच्या गाडीपाशीं आहे. तेथें ज्ञान उपयोगी पडत नाहीं, कारण वड्यांत काय असतें हें खाणाऱ्याला पक्कें ठाऊक असतें. उपयोगी पडतो तो शेजारून चालणारा मनुष्य, ज्यानें गाडीकडे पाहिलें आणि एक निःश्वास टाकून पाऊल पुढें टाकलें.

हेंच सत्य न्यूयॉर्कमधील जीन निडेच नांवाच्या एका गृहिणीला १९६१ सालीं गवसलें. सरकारी दवाखान्यानें तिला आहाराचा तक्ता दिला होता. तक्त्यांत उणें कांहीं नव्हतें. परंतु आपण चोरून बिस्किटें खातों, ही गोष्ट तिला तेथें सांगवेना. तिनें आपल्यासारख्याच सहा स्थूल मैत्रिणींना घरीं बोलाविलें आणि त्यांना ती सांगितली. तेव्हां त्यांनींहि आपापल्या चोऱ्या सांगितल्या. पुढें त्यांतून जगभर पसरलेला मोठा व्यवसाय उभा राहिला, तो भाग निराळा. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, वैद्यापाशीं ज्ञान होतें, पण तो त्या दोषाचा वांटेकरी नव्हता. ज्याला तीच भूक लागते त्याच्यापुढें मनुष्य लाजत नाहीं, आणि जेथें लाज सुटते तेथें लपवालपवीहि सुटते.

आतां त्या आक्षेपाकडे वळूं. ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस सायरेनांच्या बेटाजवळून जातांना स्वतःला डोलकाठीस बांधून घेतो. गाणें ऐकूं आल्यावर तो सुटकेसाठीं तडफडतो, आणि खलाशी त्याला अधिकच आवळून बांधतात. तो वांचला याचें श्रेय कोणाचें? दोर खलाशांनीं आवळला हें खरें. परंतु बांधा, आणि सोडा म्हटलें तरी सोडूं नका, ही आज्ञा त्याची होती. आपल्या दुर्बळ घटकेची आधींच ओळख ठेवून त्या घटकेपुरती आपली किल्ली दुसऱ्याच्या हातीं देणें, हें निश्चयाचें दारिद्र्य नव्हे. तें निश्चयाचें शहाणपण आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिग्रंथाच्या दहा भागांपैकीं एकाचा बराचसा भाग मनाच्या दुबळेपणाला दिला, आणि त्यापुढचे दोन संबंध भाग मैत्रीला दिले. सद्गुणाच्या विवेचनांत मैत्रीला एवढी जागा कां, असें विद्यार्थी विचारतात. माझें उत्तर असें कीं, एकट्यानें सद्गुणी राहणें किती कठीण हें त्यानें पाहिलें होतें.

तेव्हां माझा निर्णय असा: निश्चय करणें हें ज्याचें त्याचें, निश्चय पाळणें हें सर्वांचें. उसनें घेतलेलें परत करतां येतें, एवढेंच नव्हे, तर येथें घेणारा त्याच क्षणीं देतहि असतो. ते दोघे दिव्याखालीं माझी वाट पाहतात म्हणून मी उठतों, आणि मी येणार म्हणून ते उठलेले असतात. या व्यवहारांत सावकार कोणीच नाहीं.

परंतु हा निर्णय येथेंच सोडला तर तो फार गोड होईल. त्याचें एक कडू अनुमान आहे, आणि तेंच मला अधिक महत्त्वाचें वाटतें. यश जर वांटून घ्यावयाचें, तर अपयशहि वांटून घेतलें पाहिजे. ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला तर वाण नाहीं पण गुण लागतो, असें आपली म्हण सांगते. अमेरिकेंत ख्रिस्टाकिस व फाउलर या दोघां संशोधकांनीं १२,०६७ लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासून २००७ सालीं असें मांडलें कीं, एकाचा मित्र लठ्ठ झाला तर त्याचीहि लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनीं वाढते. त्यांच्या गणितावर पुढें आक्षेप आले. पण सोबतीनें मनुष्य जसा सुधारतो तसा बिघडतोहि, हें नाकारण्याइतका अनुभव आपणांपैकीं कोणाचा उलटा आहे? शिवाय शरीराचें स्वतःचें एक राजकारण असतें. मेलबर्न येथें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दहा आठवड्यांच्या कडक आहारानें वजन उतरलेल्यांचें रक्त वर्षानंतर तपासलें, तेव्हांहि भूक चाळविणारे द्रव पूर्ववत् झालेले नव्हते. ज्याचें वजन पुन्हा वाढलें तो कदाचित् आपल्याहून दुप्पट भुकेशीं झगडत होता.

आणि कांट्याचा निवाडा तरी कितीसा खरा? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडांतले डॉ. जॉन युडकिन या दोघांच्या उंची-वजनाचें गुणोत्तर अगदीं सारखें, २२.३ होतें. परंतु चरबीचें प्रमाण मोजलें तेव्हां युडकिन यांच्या शरीरांत ती ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के निघाली. २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें हें छायाचित्रासह छापून आलें. पाहणाराला दोघेहि सडपातळच दिसतात. देहाकडे पाहून मनुष्याच्या संयमाचें माप काढणारांनीं हें चित्र डोळ्यांपुढें ठेवावें.

आमच्या मेळ्यांत हा प्रश्न गेल्या वर्षीं पुस्तकांतून उतरून समोर उभा राहिला. सुताचे व्यापारी यावयाचे थांबले. आरंभीं त्यांचेंच वजन सर्वांहून अधिक, म्हणजे अकरा किलो, उतरलें होतें. वहींत त्यांचें नांव वर होतें. मग धंद्यांत मंदी आली, गुडघा सुजला, दोन रविवार त्यांनीं कांट्यावर पाय ठेवला नाहीं, आणि तिसऱ्या महिन्यापासून ते दिसेनासे झाले. मंडळींचीं दोन मतें पडलीं. एकाचें म्हणणें, आळस म्हणजे आळसच. त्याला नांवें ठेवलीं तरच तो जातो. दुसऱ्याचें म्हणणें, ज्याची त्याची इच्छा. कोणाच्या घरांत डोकावूं नये. पहिलें मत निष्ठुर आणि दुसरें सभ्य वाटतें. पण नीट पाहिलें तर दोहोंचा परिणाम एकच: तो मनुष्य एकटा पडतो. थट्टेनें त्याला हांकलून देतां येतें, तसें सभ्यतेनेंहि हांकलून देतां येतें.

टपालवाले यांतलें कांहींच न बोलतां एके दिवशीं त्यांच्या गोदामाकडे वळले. जन्मभर लोकांच्या दारीं जाण्याची संवय. त्यांनीं वजनाचा विषय काढला नाहीं. बिनसाखरेचा चहा मागितला आणि बाजाराची चौकशी करून परत आले. दुसऱ्या दिवशीं पुन्हा गेले. व्यापारी अद्यापि तलावाकडे येत नाहींत. पण तो चहा चालू आहे, आणि हल्लीं दोघेहि बिनसाखरेचाच घेतात. सोबत म्हणजे काय याचें एवढें नेमकें उत्तर मला कोणत्याहि ग्रंथांत मिळालें नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विचार पुरा होत नाहीं. आम्ही पहांटे निघतों तेव्हां रात्रपाळीचे मागवाले परतत असतात. बारा तास उभें राहून आलेला तो मनुष्य, येथें जिला भिशी म्हणतात त्या सामुदायिक खानावळींत जेवून निजावयास जातो. आम्ही चालावयास वेळ काढतों; त्याला बसावयास वेळ मिळत नाहीं. चौथी पोळी नाकारण्याचा पराक्रम ज्याच्या ताटांत ती वाढली जाते त्यालाच शक्य आहे. मधुमेह मात्र बारीक माणसालाहि सोडीत नाहीं, म्हणून आरोग्याची गरज त्यालाहि आहेच. पण सोबतीला वेळ लागतो, आणि वेळ ही सर्वांस सारखी मिळालेली वस्तु नव्हे. आपल्या निश्चयाचा पाया ज्या गोष्टींवर उभा आहे, त्यांतल्या कितीएक आपण कमावलेल्या नाहींत, ही जाणीव त्या अरुंद रस्त्यावर एकमेकांना वाट देतांना रोज व्हावी, हें बरेंच आहे.

सह्याद्रींत किल्ले चढणारांची एक जुनी शिस्त आहे. वाट जाणणारा एक जण पुढें चालतो, आणि तितकाच जाणता एक जण सर्वांच्या मागें. दमलेल्याच्या मागें कोणी तरी असलेंच पाहिजे. त्यानें दमलेल्यास ओलांडून पुढें जावयाचें नसतें. माहुलीच्या चढावर आमच्यांत ही मागची जागा टपालवाल्यांची आहे. माथ्यावर ते नेहमीं शेवटीं पोहोंचतात, आणि वहींतहि त्यांचा आंकडा फारसा हलत नाहीं. मंडळींत सर्वांत सशक्त कोण, असें मला कोणी विचारलें तर मी वही उघडणार नाहीं.