दाटी

एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी एका मुलीच्या भाषणावर शेरा मारला, ‘नुसती पोपटपंची.’ मुलगी हिरमुसली. मला पोपटाचंही वाईट वाटलं आणि तो शब्द डोक्यातून जाईना.

पोपट नक्कल करतो हे वेगळं सांगायला नको. पण अ‍ॅलेक्स नावाच्या आफ्रिकन करड्या पोपटाला संशोधिका आयरीन पेपरबर्ग दोन वस्तू दाखवून ‘यांत वेगळं काय?’ असं विचारायच्या, आणि फरक नसला की तो ‘काहीच नाही’ अशा अर्थाचा शब्द उच्चारायचा. पाठांतराला हे जमायचं नाही.

आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “अहो, अक्रोडाएवढा मेंदू. त्यात मावणार काय?” त्यांचा हिशेब आकाराचा. पण आकार वेगळा आणि दाटी वेगळी. एकाच मापट्यात आधी हरभरे भरा, मग राजगिरा, आणि दाणे मोजा. २०१६ साली संशोधकांनी पक्ष्यांच्या मेंदूतल्या चेतापेशींची अशी मोजणी प्रसिद्ध केली. निळ्या-पिवळ्या मकाऊचा मेंदू जेमतेम २० ग्रॅमचा, ऱ्हीसस माकडाचा त्याच्या चौपट. तरी अग्रमेंदूच्या वरच्या भागात मकाऊच्या पेशी सुमारे १९० कोटी, आणि माकडाच्या मेंदूच्या बाह्यकात १७० कोटी. माकडाच्या मेंदूला घड्या असतात, पोपटाचा गुळगुळीत. घड्या नाहीत म्हणजे अक्कल नाही, हा समज किती वर्षं टिकला! पक्ष्यांच्या अग्रमेंदूच्या भागांना दिलेली जुनी, कमी लेखणारी नावं बदलायला २००४ साल उजाडावं लागलं.

डॉक्टर गप्प झाले. मला चेव आला. साऱ्या पोपटांची याच मापाने रांग लावावीशी वाटली. वर मकाऊ, खाली आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो तो पिंजऱ्यातला चिमुकला बजी. तेवढ्यात न्यूझीलंडचा काकापो आडवा आला. सगळ्या पोपटांत वजनदार, उडता न येणारा, रात्री जंगलात पायी हिंडणारा. त्याच्या मेंदूतला दृष्टीचा एक महत्त्वाचा भाग इतर पोपटांच्या मानाने लहान आहे. ही उणीव म्हणायची? अंधारात बारकावे टिपण्यापेक्षा मिळेल तेवढा उजेड गोळा करणं महत्त्वाचं. त्याच देशातला किआ हा पोपट उजेडात डोंगरावर राहतो, दिसेल ती वस्तू चोचीने उचकटून पाहतो. त्याला वेगळा मेंदू हवा.

तेव्हा लक्षात आलं, डॉक्टरांच्या हातात तराजू होता आणि माझ्या हातात गणती, पण दोघांनीही मधे माकडच उभं केलं होतं. आता ते भेटले की १९० कोटींचा आकडा मी काढणार नाही. अंधारात पायी चालणाऱ्या पोपटाला काय काय कळावं लागतं, एवढंच विचारणार आहे.