चाळिशींतील विद्यार्थी

संसार मांडलेल्या व पोटापाण्याच्या उद्योगांत पंधरावीस वर्षें मुरलेल्या माणसानें पुन्हां विद्यार्थी व्हावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा थट्टेवारी नेला जातो. त्यांतून त्याचा विषय आंतरराष्ट्रीय राजकारणासारखा असला म्हणजे तर विचारूंच नये. कायद्याची परीक्षा दिली तर लोक म्हणतात, बढती मिळेल. हिशेबनिसाची दिली तर म्हणतात, चार पैसे अधिक येतील. पण राष्ट्रांराष्ट्रांतील तह, व्यापार आणि युद्धें यांचा अभ्यास करून ह्या गृहस्थास काय परराष्ट्रमंत्री व्हावयाचें आहे? ह्या थट्टेच्या मुळाशीं एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे, व तो थट्टेनें सुटत नाहीं, म्हणून त्याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रतिपक्षाचें म्हणणें असें कीं, विद्येचें वय ठरलेलें आहे. ब्रह्मचर्याश्रम आधीं व गृहस्थाश्रम मागून, हा क्रम आपल्या पूर्वजांनीं उगीच लावला नाहीं. जो वेळ व पैसा मुलांच्या शिक्षणाचा, तो बापानें स्वतःवर खर्चणें हा अन्याय आहे. आक्षेप सबळ आहे. परंतु ह्याच पूर्वजांच्या बृहदारण्यकोपनिषदांत श्वेतकेतूची गोष्ट आहे. प्रवाहण जैवलि राजानें विचारलेल्या पांच प्रश्नांपैकीं एकाचेंही उत्तर श्वेतकेतूस देतां आलें नाहीं. तो संतापून घरीं आला. बाप म्हणाला, मला ठाऊक होतें तें सर्व तुला शिकविलें. चल, आपण दोघेही त्याच्याकडे शिष्य होऊन राहूं. मुलानें उत्तर दिलें, आपणच जावें. आणि बाप एकटाच, ब्राह्मण असून एका क्षत्रियाकडे, शिकावयास गेला. राजानें धन देऊं केलें तें त्यानें घेतलें नाहीं. (चिरंजीव घरीं बसून काय करीत होते, हें उपनिषत्कारांनीं सांगितलेलें नाहीं.)

हा पिता गेला तो आपल्यापाशीं नसलेलें एक उत्तर मिळविण्यासाठीं. प्रौढ विद्यार्थ्याचा अधिकार आम्हांस येथेंच दिसतो. नाशिककडील द्राक्षांच्या निर्यातीचे कागद वर्षानुवर्षें तयार करणारा एखादा कारकून घ्या. २०१० सालीं क्लोरमेक्वाट नांवाच्या द्रव्याचे अंश आढळल्यामुळें भारतीय द्राक्षें युरोपांत अडलीं आणि त्याचा फटका बागाइतदारांस बसला. कागद कसा भरावा हें ह्या कारकुनास कोणत्याही प्राध्यापकापेक्षां अधिक कळतें. पण त्या द्रव्याची मर्यादा कोण ठरवितो, ती ठरतांना आपली बाजू मांडण्यास तेथें कोणी असतें कीं नाहीं, आणि १९९५ सालीं स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारांप्रमाणें अशी अडवणूक कितपत न्याय्य ठरते, हें त्याला जन्मभर कागद भरूनही कळणार नाहीं. हा प्रश्न ज्याच्या मनांतून जात नाहीं, त्यानें विद्यापीठाची पायरी चढणें ही हौस नव्हे.

मात्र अभ्यासक्रम निवडतांना त्याला मोह पडतो. अनुभव जमेस धरून विषयांत सूट देणारे, वर्षभरांत मोकळें करणारे अभ्यासक्रम आतां पुष्कळ आहेत. ज्याला पदवीचा कागदच हवा आहे त्यानें ते खुशाल घ्यावे. पण चाळिशींतल्या माणसाची अडचण माहिती थोडी असण्याची नसते. मतें पक्कीं झालेलीं असण्याची असते. चीन असा, अरब तसे, युरोपीय लोक अमुक प्रकारचे, हें त्यानें आगगाडींत व कचेरींत शंभरदां ऐकलेलें व ऐकविलेलें असतें. जो अभ्यासक्रम ही मतें तशींच ठेवून वर शिक्का मारून देतो, तो त्याची खुशामत करतो. म्हणून जेथें परकी भाषा शिकावी लागते, एका प्रदेशाच्या इतिहासाशीं दोनतीन वर्षें झुंजावें लागतें, तेथेंच त्यानें जावें असें आमचें मत आहे. दिल्लीस १९५५ सालीं निघालेली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था १९७० मध्यें जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत विलीन झाली. तिच्यांत निरनिराळ्या भूप्रदेशांसाठीं स्वतंत्र केंद्रें आहेत, तीं ह्याच कारणासाठीं.

ह्या शास्त्रानें अनुभवी माणसास कधीं दूर लोटलें नाहीं. वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथें १९१९ सालीं ह्या विषयाचें पहिलें अध्यासन स्थापन झालें, तें महायुद्धांत पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. १९३६ मध्यें त्यावर ई. एच. कार यांची नेमणूक झाली, तेव्हां त्यांच्या मागें ब्रिटिश परराष्ट्रखात्यांतील वीस वर्षांची नोकरी होती. पण रीगा येथें नेमणुकीवर असतां ते स्वस्थ बसले नव्हते. रशियन भाषा शिकून त्यांनीं १९३१ सालीं दोस्तोयेव्हस्कीचें चरित्र प्रसिद्ध केलें होतें.

राहिला घरच्यांवरील अन्यायाचा प्रश्न. तो आम्हांस टाळावयाचा नाहीं. डॉ. आंबेडकर १९२० सालीं सिडनहॅम कॉलेजांतील नोकरी सोडून पुन्हां लंडनास गेले व १९२३ मध्यें डी.एस्सी. झाले, तेव्हां ते गृहस्थाश्रमी होते. त्या वर्षांचा भार मुंबईंत रमाबाईंनीं वाहिला. त्या पदवीचें चीज झालें हें आज सर्वांस दिसतें. पण भार वाहतांना तें कोणास दिसत नसतें, आणि प्रत्येक विद्यार्थी कांहीं आंबेडकर नसतो. आतां १९८९ सालीं नाशिक येथें स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांमुळें नोकरी न सोडतां शिकतां येतें, हें खरें. परंतु संध्याकाळ व रविवार घरांतूनच जातात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वीं शुल्काचा आंकडा, अभ्यासाचे तास आणि त्या तासांत घरचें कोणतें काम कोणावर पडणार, हें सर्व एका कागदावर मांडून त्यानें पत्नीपुढें ठेवावें, आणि ती नाहीं म्हणाली तर तिचीं कारणें पूर्ण ऐकून घ्यावीं. अर्ज तिचा असेल, तर कागद तिनें मांडावा व ऐकण्याचें काम त्याचें. अशा वेळीं घरांत थट्टासुद्धां होत नाहीं, सरळ नकार येतो, असें आमच्या पाहण्यांत आहे.