आनंदाचा आवाज कोणाच्या हाती द्यावा?

वाचक माउली, कार्तिकी एकादशी होते, तुळशीचे लग्न लागते आणि गावोगावी लग्नाच्या तिथी सुरू होतात. कार्यालय ठरते, आचारी ठरतो, पत्रिका छापून येतात. मग एका संध्याकाळी पोरे विचारतात, "डीजे कोणता सांगायचा?" गळ्यात तुळशीची माळ असलेला बाप इथे अडखळतो. नाही म्हणावे तर घरात रुसवा, हो म्हणावे तर मनाला टोचणी. मग "तुमचं तुम्ही बघा" असे म्हणून आपण अंग काढून घेतो. मीही काढून घेतले होते. त्याचे काय झाले ते आधी सांगतो.

थोरल्या मुलाच्या लग्नाचा स्वागत समारंभ गावाबाहेरच्या एका लॉनवर होता. डीजेची सुपारी मुलाच्या मित्रांनी दिली, मी फक्त पैसे मोजले. तो काय वाजवतो, किती वाजवतो, कोणाचे ऐकतो, यातले काहीही मी विचारले नाही. सात वाजता सुरुवात झाली आणि पहिल्याच ठोक्याला टेबलावरचे पाण्याचे पेले थरथरले. लांबून आलेली माणसे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती. थोड्या वेळाने त्यांनी बोलणेच सोडले आणि नुसते हसून माना डोलवू लागली. आमच्या दिंडीतले एक वयोवृद्ध विणेकरी दोन एसट्या बदलून आले होते. मी त्यांना कोपऱ्यात निवांत खुर्ची दिली. ती खुर्ची नेमकी स्पीकरच्या भिंतीसमोर होती, हे माझ्या ध्यानातही आले नाही. अर्ध्या तासाने पाहिले तर खुर्ची रिकामी. वधूवरांना आशीर्वाद देऊन ते न जेवता निघून गेले होते.

पुढच्या आषाढीला आम्ही दिंडीत पुन्हा शेजारी चालत होतो. मी क्षमा मागितली. ते रागावलेले नव्हते. एवढेच म्हणाले, "माउली, तुमच्या आनंदात मला बसायला जागा सापडली नाही." दिवे घाट चढून होईपर्यंत माझ्या तोंडून पुढे शब्द निघाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सोपे आहे, वारकऱ्याने डीजे लावूच नये. मलाही तसेच वाटले होते. धाकट्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा मी तिला तसे ठणकावून सांगितले. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही वाखरीच्या रिंगणात फुगडी घालता, पावली खेळता. पखवाज पोटापर्यंत घुमतो तेव्हा तुमचे पाय थांबत नाहीत. मग आमचा तेवढा नाच खोटा कसा?"

या प्रश्नाला रागाने उत्तर देता येते, पण ते उत्तर होत नाही. आपल्या संप्रदायाने नाचण्याला कधी हलके मानलेले नाही. नामदेवरायांचे कीर्तन चंद्रभागेच्या वाळवंटात रंगले ते नाचत. नाथमहाराजांनी भारुडे रचली तेव्हा वासुदेव, जोशी, गोंधळी अशी लोकांच्या दारात येणारी सोंगे घेतली. लोकांच्या करमणुकीची भाषा त्यांनी विटाळ मानली नाही. 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिताना लग्नाचा थाटही त्यांनी हात राखून वर्णिलेला नाही. तेव्हा वाद्याला दोष देऊन आपली सुटका होत नाही. जे जड आहे, ते पुण्य करत नाही आणि पापही करत नाही. करतो तो माणूस.

मग फरक कुठे आहे? मी बरेच दिवस विचार केला. मला सापडला तो फरक साधा आहे. टाळ हाताने वाजतो आणि हात दमतो. पखवाज वाजवणाऱ्याला घाम येतो, गाणाऱ्याचा गळा बसतो. म्हणून आपल्या भजनाला आतूनच एक मर्यादा असते. पावली खेळणारा थकला की बाजूला बसतो आणि त्याला कोणी ओढत नाही. यंत्र मात्र दमत नाही. एक बोट सरकवले की आवाज वाढतो आणि बोट सरकवणाऱ्याला त्याचे काही श्रम पडत नाहीत. श्रम पडतात ते ऐकणाऱ्याला. जे यंत्र स्वतः दमत नाही, त्याच्याजवळ दुसऱ्याचा दमलेला चेहरा पाहणारा माणूस लागतो. डीजे निवडायचा म्हणजे हा माणूस निवडायचा.

आवाजाचे गणितही थोडे समजून घ्या. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ही मोजणी फसवी आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते आणि वीस वाढले की शंभरपट. कामगारांच्या कानांसाठी तज्ज्ञ जे मान धरतात त्यात ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. डीजेच्या भिंतीजवळ हा आकडा सहज ओलांडला जातो, आणि तिथेच कडेवर लेकरू घेतलेली आई उभी असते. कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कायद्यानेही मर्यादा घातली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही हद्द आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते.

पण माउली, कायदा पोलीस येईपर्यंतचा प्रश्न सोडवतो. आपला प्रश्न त्याच्या आधीचा आहे. या आवाजाच्या टप्प्यात कोण कोण येते आणि त्यांतल्या कोणाला "पुरे" म्हणता येते? नाचणाऱ्या पोरांना म्हणता येते. पाहुण्याला म्हणता येत नाही, कारण तो पाहुणा आहे. कार्यालयामागच्या घरातल्या आजाऱ्याला म्हणता येत नाही, कारण त्याचे कोणी ऐकत नाही. पाळण्यातल्या बाळाला तर शब्दच नाहीत. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर लादलेला आनंद हा आनंद राहतो का? मला तरी वाटते, तिथून पुढे ती जबरदस्ती होते. ढोल-ताशा किंवा बँजो सांगितला म्हणूनही या प्रश्नातून कोणी सुटत नाही.

याचे उत्तर आपल्या वारीतच आहे. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाज आरतीला सगळ्या दिंड्या जमतात तेव्हाचे दृश्य तुम्ही पाहिले असेल. हजारो टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात, पुकारा करतात आणि तो सारा कल्लोळ जागच्या जागी थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार त्यांच्याकडे जातात आणि गाऱ्हाणे ऐकतात. केवढी शहाणी रीत आहे ही! मोठ्या आवाजाला एका हाताचा लगाम आहे, आणि ज्याचे दुखते त्याला ते सांगायची सोयही आहे. लग्नाच्या आवाजालाही या दोन्ही गोष्टी हव्यात.

मुलीच्या समारंभासाठी आम्ही बापलेक तीन ठिकाणी गेलो. पहिल्याने बेस किती, टॉप किती, धूर किती, दिवे किती हे सांगितले. दुसऱ्याने सगळ्यांत कमी पैसे सांगितले. तिसऱ्याचे सामान पहिल्याच्या निम्मेच होते. पण त्याने आम्हाला विचारले, "जागा बंदिस्त आहे की उघडी? मागे वस्ती आहे का? म्हातारी माणसं कुठल्या बाजूला बसणार?" मुलीने माझ्याकडे पाहिले. सुपारी तिथेच दिली.

तुम्हीही डीजे ठरवायला जाल तेव्हा पैशांच्या आधी हे बोला. त्याचा एखादा कार्यक्रम आधी जाऊन पाहा. तिथे मागच्या रांगेत उभे राहून शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येते का ते बघा. गाण्यांची यादी घरच्यांनी बसून करा, आणि जी गाणी आईबहिणींसमोर लाजवतील ती वाजणार नाहीत हे आधीच सांगा. स्पीकरची तोंडे वस्तीकडे किंवा जेवणाच्या पंगतीकडे नकोत. जेवणे चालू असताना सनई किंवा हळू संगीत असावे. संपण्याची वेळ कागदावर लिहा. आणि घरातला एक माणूस चोपदार नेमा. त्याने हात वर केला की आवाज खाली, दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून वर नाही. आम्ही मुलीच्या मामांना नेमले. आदल्या दिवशी मी आणि मुलगी कार्यालयामागच्या घरांत जाऊन आलो. साडेनऊपर्यंत वाजेल, त्रास झाला तर या नंबरवर फोन करा, असे सांगितले. एका घरात बाळंतीण होती. तिच्या सासूने चहा पाजला.

आणखी एक गोष्ट अवघड आहे, तरी लिहितो. आपल्या सप्ताहाच्या मंडपावरचे कर्णे कोणत्या दिशेला असतात? पहाटेचा काकडा सहाच्या आधी असतो, म्हणजे नियमाने ती रात्रच. काकडा देवासाठी आहे आणि देव मंदिरातच आहे. मग चार गल्ल्यांपलीकडच्या आजाऱ्याला तो कर्ण्यातून ऐकवायची काय गरज? पोरांना डीजेबद्दल चार शब्द सांगायचे असतील तर आधी आपले कर्णे उतरवावे लागतील. हे मी आमच्या गावच्या बैठकीत बोललो तेव्हा दोन-तीन जण रागावले. एक कर्णा उतरला, बाकीचे अजून वरच आहेत.

आता मुलीच्या समारंभाचे सांगतो. साडेनऊला मामांनी हात वर केला. पोरांनी "आणखी एक" म्हणून गलका केला. मामांनी एक दिले, दुसरे दिले नाही. काही जण कुरकुरत घरी गेले, हेही खरे.

डीजेचा मालक आला नव्हता. त्याचा विशी-बाविशीतला ऑपरेटर आणि सामान उचलणारी दोन पोरे होती. मागच्या लग्नात असली पोरे कुठे होती, जेवली की नाही, हे मी पाहिलेही नव्हते. जनरेटरशेजारी धुळीत बसून सगळ्यांच्या शेवटी, उरलेले खाणारी ही मुले असतात. ज्याला आपण माणूस म्हणून वागवत नाही, त्याने आपल्या पाहुण्यांची काळजी करावी ही अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची? या वेळी त्यांची पाने पहिल्या पंगतीत मांडली. ते संकोचले, पण बसले.

त्यांच्याच शेजारी आमचे विणेकरीबाबा बसले होते. पोटभर जेवले. निघताना, वारीत आपण एकमेकांना वाकतो तसे, ते त्या ऑपरेटर पोराच्या पाया पडले. पोरगा गडबडला, मागे सरला आणि मग त्यानेही खाली वाकून नमस्कार केला.

तुमच्या घरी मांडव पडेल तेव्हा अंग काढून घेऊ नका, माउली. पोरांबरोबर जा, विचारा, आणि मग ठरवा.

राम कृष्ण हरी!