पत्ता बदललेला क्लब

रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून तो ओळखला जातो. सुरुवात दमदमला झाली, पुढे तो शहरातल्या मैदानावर आला आणि १९१०च्या सुमारास टॉलीगंजला गेला. म्हणजे पहिला चेंडू जिथे टोलवला गेला ती जमीन केव्हाच सुटली. स्थापनेचं वर्ष मात्र १८२९च. मग टिकलं ते नेमकं काय?

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे याला मायग्रेशन म्हणतात. सर्व्हर बदलला तरी डेटा शाबूत असला की सिस्टम तीच. क्लबचंही नाव, नियम, सभासदांची यादी उचलून नेता येते. पण गोल्फ या हिशेबात नीट बसत नाही. टेनिसचं कोर्ट कुठेही तेवढंच असतं. गोल्फमध्ये भोकाचा व्यास तेवढा सगळीकडे सव्वाचार इंच. बाकी चढउतार, पाणी, झाडं त्या त्या जागेची. जमीन बदलली की खेळ बदलतो. तरी क्लब 'तोच' राहतो, कारण तसं म्हणण्याचा अधिकार सभासदांकडे असतो.

हा प्रश्न मला आमच्या गावामुळे पडतो. गाव गागोदे बुद्रुक, तालुका पेण. २००८मध्ये सेझच्या प्रश्नावर तालुक्यातल्या बावीस गावांत जनमत घेतलं गेलं. मी तेव्हा शाळेत होतो, आणि घरी सुट्टीत दुसरा विषय नसायचा. मी आजोबांना म्हटलं, "पैसे मिळाले तर दुसरीकडे जमीन घेऊ की." ते म्हणाले, "घेशील रे. पण शेजार कुठून आणशील?"

बरीच वर्षं मला हे उत्तर पुरेसं वाटलं. गाव म्हणजे क्लब नव्हे, ते उचलून नेता येत नाही, एवढा त्याचा अर्थ मी लावला होता.

आता तसं वाटत नाही. आमच्या खाचरात लावणीला येणाऱ्या कातकरी बायकांना त्या वेळी कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. जमीन गेली असती तर मोबदला आम्हाला मिळाला असता, आणि 'आमचं गाव गेलं' असं म्हणायचा मानही आम्हालाच. सातबारा हीसुद्धा सभासदांची यादीच की!

विनोबा भावे याच गागोद्यात १८९५ साली जन्मले. १९५१मध्ये पोचमपल्लीला भूमिहीनांनी जमीन मागितली, एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केले आणि भूदान सुरू झालं. त्या चळवळीच्या यशापयशावर वाद घालता येईल. पण तिची सुरुवात यादीबाहेरच्या माणसांना 'तुम्हाला काय हवं?' असं विचारण्यातून झाली होती.

जागा बदलल्यावर गाव तेच राहतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते कुणाकुणाला विचारायचं, एवढं मात्र आता कळतं. आजोबांना विचारलं होतं. त्या बायकांना विचारायचं राहून गेलं.